लाव्यानं खाल्लेला प्लॉट

आमच्या वयाच्या पुणेकरांना विचारा, तुम्ही ऐन उमेदीच्या काळात रविवारी काय करत होतात? निम्मे तरी सांगतील, प्लॉटवर जात होतो. आता प्लॉटवर काय होतं म्हणाल तर काहीच नव्हतं. चार कोपऱ्यांना चार दगड आणि मधे माळ. पण जाऊन यायचं, तोंड दाखवून यायचं. नाहीतर लोकांना वाटायचं ह्याला धनी नाही, आणि कुणीतरी येऊन बसायचं. म्हणून डबा, पाण्याची बाटली घेऊन स्कूटरवरून जायचं आणि आपल्याच जमिनीवर पाहुण्यासारखं दोन तास बसून परत यायचं. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. हसू देत. तेव्हा हे सगळं अगदी गंभीरपणे चालायचं.

आम्ही शनिवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात होते. नव्या आर्थिक धोरणाच्या बातम्या रोज पेपरात यायच्या, कारखान्यात परदेशी भागीदार येणार अशी कुजबुज होती, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आत्ता काही घेतलं तर घेतलं, पुढं आपल्याला परवडायचं नाही. ह्यांच्या खात्यातल्याच एका गृहस्थांनी सांगितलं की बाणेरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, प्लॉट पाडलेत. माणूस शेजारच्या टेबलावरचा, डब्यातलं लोणचं वाटून खाणारा. ह्यांनी डोळे मिटून घेतला प्लॉट, आणि घेतला तो माझ्या नावावर. त्यात कौतुकाचं काही नव्हतं बरं का. तेव्हा सगळेच बायकोच्या नावावर घ्यायचे, कराच्या दृष्टीनं बरं पडतं म्हणून. मला कुणी विचारलं नाही. सही करायला नेलं, मी केली, येताना उसाचा रस प्यायलो. अशी मी जमीनदारीण झाले.

पहिले कितीतरी रविवार मी तिथं नुसती कंटाळले. सावली नाही, बसायला धड जागा नाही, साडीला कुसळं चिकटायची ती घरी येऊन वेचत बसायचं. ह्यांचं बरं होतं. हे दगडावरून दगडावर फिरायचे, पावलांनी लांबीरुंदी मोजायचे, "इथं हॉल, इथं देवघर, इथं तुझा ओटा" असं दर रविवारी नव्यानं मांडायचे. माझा ओटा एकदा पूर्वेला असायचा, एकदा पश्चिमेला. मी हो म्हणायची.

मग एका उन्हाळ्यात, मी छत्री उघडून बसलेली असताना, समोरच्या दगडावर एक सरडा चढला. असतात सरडे, त्यात काय बघायचं. पण ह्यानं मान वर केली आणि गळ्याखालचा पंखा उघडला. निळा! म्हणजे असा निळा, की पैठणीच्या काठात सुद्धा मी बघितला नव्हता. मिटला, पुन्हा उघडला. हे सगळं कुणासाठी म्हणून बघितलं तर दुसरी एक मळकट सरडी पलीकडच्या दगडाआड होती आणि तिचं काही ह्याच्याकडे लक्ष नव्हतं. मला इतकं हसू आलं की ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "या बघायला, तुमच्यासारखं कुणीतरी घर दाखवतंय." हे आले, उकिडवे बसले, आणि नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून एका सरड्याकडे बघत राहिलो. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण असं, काही काम नसताना दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे बघायची आमची ती पहिलीच वेळ.

तिथून मला नाद लागला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मला कोण शिकवणार हे? अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, चित्रं बघायची आणि खालचं अडखळत वाचायचं. ह्यांनी जुन्या बाजारातून माझ्यासाठी एक दुर्बीण आणली. तिच्या एका काचेत बुरशी होती, त्यामुळे सगळ्या पक्ष्यांच्या डाव्या बाजूला ढग दिसायचा. पण आणली ह्यांनी, हे मला सांगितलंच पाहिजे. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, माणूस वाईट होता. वाईट नव्हता. वाईट असता तर मला एवढं लागलं नसतं.

हळूहळू त्या रिकाम्या माळावर इतकं काही राहतंय हे कळायला लागलं. कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत उभी राहायची आणि मग खाली दगडासारखी पडायची, उंदीर घेऊन उठायची. चंडोल गात गात वर जायचा तो दिसेनासा व्हायचा आणि नुसतं गाणं वर राहायचं. थंडीत भोवत्या नावाचा शिकारी पक्षी यायचा, गवतावरून असा खालून तरंगत जायचा की वाटावं कुणी झाडू मारतंय. ससा पहिल्यांदा ह्यांनी पाहिला. आठवडाभर ऑफिसात सांगत होते, "आमच्या प्लॉटवर ससा आहे." हॉल आणि देवघर मागं पडलं. थंडीत एखाद्या रविवारी प्लॉटवरून घरी न येता आम्ही तसेच खडकवासल्याला जायचो, धरणाच्या मागच्या पाण्यावर बदकं बघायला. भाजलेलं कणीस खात, एकमेकांच्या हातातून दुर्बीण ओढत. मुलगा शाळकरी होता, तो म्हणायचा तुम्ही जा, मला क्रिकेट आहे. म्हणजे दोघंच. असे ते रविवार होते.

आता गवताचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

पाऊस संपता संपता माळावर गवत कमरेपर्यंत यायचं. प्लॉटवाल्या लोकांची एक रीत होती. दसऱ्याच्या आत गवत कापून घ्यायचं, उरलंसुरलं पेटवून द्यायचं, कोपऱ्यांचे दगड चुन्यानं रंगवायचे आणि दसऱ्याला त्यांना झेंडूची माळ घालून नारळ फोडायचा. का? तर प्लॉट पडीक दिसू नये म्हणून. गवत वाढलं म्हणजे मालकाचं लक्ष नाही. शेजारच्या प्लॉटवाले ह्या बाबतीत इतके कडक होते की त्यांचा प्लॉट अंगणासारखा असायचा, एक काडी दिसायची नाही. ते निवृत्त गृहस्थ होते, खुरपं घेऊन स्वतः बसायचे. हे त्यांच्याकडे बघून मला म्हणायचे, "बघ, ह्याला म्हणतात मालकी." आमचं गवत जवळच्या वस्तीतली एक बाई तिच्या म्हशीसाठी कापून न्यायची. तिचं काम व्हायचं आणि आमचंही.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मी गवतातून चालले होते. पायाखालून एकदम फर्रर्र करून काहीतरी उडालं. लावा. तित्तिराच्या कुळातला, मुठीएवढा पक्षी, पायाखाली येईपर्यंत हलायचा नाही आणि मग असा उडणार की माणसाला घाम फुटावा. मादी उडाली तिथं मी वाकून बघितलं. गवताच्या बुडाशी वाटीएवढा खळगा, आणि त्यात दुधात केशर कालवल्यासारखी अंडी. मी तिथंच उकिडवी बसले. ह्यांना हाक मारली नाही, हळूच खुणावलं.

हे आले, बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "उद्या बाई येणार आहे गवत कापायला."

मी म्हटलं, नको. एवढी अंडी फुटू देत, मग कापा. हे म्हणाले, दसऱ्याला दादा-वहिनी येणार आहेत प्लॉट बघायला, हे असं जंगल दाखवायचं का त्यांना? मी म्हटलं, जंगलच दाखवू, तेवढंच आहे आपल्याकडे. खूप बोलले मी त्या दिवशी. एरवी मी काही मागत नसे हो. ओटा कुठंही ठेवला तरी मी हो म्हणणारी बाई. पण त्या दिवशी म्हटलं, "जमीन माझ्या नावावर आहे ना? मग एवढं माझं ऐका." गमतीत म्हटलं, पण म्हटलं. ह्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. दिवाळीनंतर कापू."

त्या गवतवाल्या बाईला मी सांगितलं तेव्हा तिला राग आला. "ताई, कुसळ भरल्यावर म्हस तोंड लावत न्हाय त्याला. तुमची पाखरं जगतील, माझ्या म्हशीनं काय करायचं?" तिचंही बरोबर होतं. मी तिला कडेकडेचं कापून न्यायला सांगितलं, मधलं ठेव म्हटलं. ती पुटपुटत कापून गेली.

दसऱ्याला थोरले दीर आणि जाऊबाई आल्या. दीर स्कूटरवरून उतरले, कमरेएवढ्या गवताकडे बघितलं आणि म्हणाले, "काय रे, कुसळाची शेती करतोस का? भाव बरा येतो वाटतं." जाऊबाई साडी वर धरून रस्त्यावरच उभ्या राहिल्या. दगड दिसतच नव्हते, मग माळ कशाला घालणार? नारळ रस्त्याच्या कडेला फोडला. शेजारच्या प्लॉटवर चारी दगड चुन्यानं पांढरे, झेंडू, रांगोळी, सगळं. ह्यांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आता काही बोलतील. बोलले नाहीत. घरी येताना स्कूटरवर एवढंच म्हणाले, "तुझी बाळंतीण सुखरूप आहे ना?" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पिल्लं निघाली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही गेलो तर खळग्यात नुसती टरफलं. मी हिरमुसले. तेवढ्यात ह्यांनी माझा दंड धरला. कडेला कापलेल्या मोकळ्या पट्ट्यातून आई चालली होती आणि मागं पिल्लं. अंगठ्याएवढी. धावताना पाय दिसत नव्हते, नुसते गोळे घरंगळत होते. "अगं," हे कुजबुजले, "ह्यांना खाली मोटार बसवलीय की काय!" दुर्बीण माझ्या हातात होती, ती ह्यांनी ओढून घेतली आणि परत दिलीच नाही. एवढं सगळं मला स्पष्ट आठवतं. कारण नंतर ह्यांनी असं कधी घडलंच नाही असं धरलं.

दिवाळीत आम्ही माझ्या माहेरी होतो. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी गेलो तर प्लॉटभोवती काटेरी तार. लोखंडी खांब, पत्र्याची शेड, शेडपुढं खाट, खाटेवर एक राखणदार. आणि पाटी. ही जागा अमुक बिल्डरच्या मालकीची असून आत येणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. हे तारेपाशी गेले आणि त्या माणसाला म्हणाले, अहो, हा आमचा प्लॉट आहे. तो उठला सुद्धा नाही. म्हणाला, साहेबांशी बोला. कोण साहेब? ते ऑफिसात असतात.

आम्ही रस्त्यावर उभे होतो तेव्हा ती गवतवाली बाई म्हैस घेऊन आली. म्हणाली, ट्रक आलता, एका दुपारात समदी तार मारली. हिंजवडीला ते काय कंप्यूटरचं व्हणार हाय ना, तवापासून अशा लई गाड्या फिरत्यात. मूळ जमीनवाल्याच्या पुतण्यांनी परत एकदा विकली म्हणत्यात.

आणि मग हे माझ्याकडे वळून ते वाक्य बोलले. "गवत वाढलेलं बघितलं असणार. वाटलं असणार, पडीक आहे. तुझ्या पाखरापायी गेलं हे."

मी काही बोलणार त्याच्या आत ती बाईच बोलली. "न्हाय हो दादा. गवताचं काय न् मोकळ्याचं काय, समद्यांचंच घेतलं की. ते बघा ना." आणि तिनं हात केला. शेजारचा प्लॉट, तो अंगणासारखा स्वच्छ, चुन्याचे दगड, दसऱ्याची सुकलेली माळ अजून तशीच, तोही त्याच तारेच्या आत होता. ते निवृत्त गृहस्थ खुरपं पिशवीत घालून तारेबाहेर उभे होते आणि राखणदाराला आपलं पेन्शनीचं ओळखपत्र दाखवत होते. हे त्यांच्याकडे बघत राहिले. बघितलं ह्यांनी. माझ्या शेजारी उभं राहून, अगदी नीट बघितलं.

वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद चाळले आणि पहिलं विचारलं, "घेताना सर्च रिपोर्ट काढला नव्हता?" म्हणजे ही जमीन खरोखर विकणाऱ्याची आहे का, त्यात आणखी कुणाचा हिस्सा आहे का, ह्याची चौकशी. नव्हता काढला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं सांगितलं होतं की सगळं क्लिअर आहे. वकील म्हणाले, "मग आता कोर्टात जा. खटला पक्का आहे. निकाल तुमची नातवंडं ऐकतील." नाहीतर बिल्डर म्हणेल त्या भावानं त्यालाच विकून मोकळे व्हा. मी तिथं एक शब्द बोलले नाही. ह्यांनी चौकशी केली नाही, हे मला कळलं होतं, पण वकिलासमोर नवऱ्याला कशाला बोलायचं? घरी आल्यावरही बोलले नाही. फसलेला माणूस आधीच अर्धा झालेला असतो. मला वाटलं, झालं गेलं, दोघांचं मिळून गेलं.

पण ह्यांचं तसं नव्हतं. ह्यांनी आपला वाटा त्या लाव्याच्या डोक्यावर ठेवला. दीर भेटायला आले तेव्हा त्यांना सांगितलं, हिनं गवत कापू दिलं नाही. दीर म्हणाले, मी तेव्हाच म्हटलं होतं. ऑफिसात सांगितलं, वाड्यात सांगितलं. टेबलाशेजारच्या माणसाचं नाव कुणापुढं घेतलं नाही. तो आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेला आणि मलाच म्हणाला, "वहिनी, जरा लक्ष ठेवायला हवं होतं." मी त्याला बिस्किटं दिली.

विकायचं ठरलं. माझ्या नावावर असल्यामुळे सही माझीच. रजिस्ट्रारच्या कचेरीत पहिल्या मजल्यावर गर्दी होती, आम्ही जिन्यातच थांबलो होतो. बिल्डरचा माणूस वर रांगेत, आम्ही दोघं खाली कठड्याला टेकून. मला तेव्हा दुसरं काहीच नको होतं. जमीन जाणार हे मी मानलं होतं. मला एवढंच हवं होतं की माझ्या हातून गेली नाही, हे ह्या माणसानं एकदा म्हणावं. मी म्हटलं, "मी सही करते. पण एकदा माझ्यापुढं म्हणा. गवतामुळं गेलं नाही, एवढंच म्हणा. तुम्ही शेजारचा प्लॉट बघितलात."

हे म्हणाले, "आता इथं तमाशा नको. आपला नंबर आलाय."

वर गेलो. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं विकताय ना, बाई?" मी तोंड उघडलं तेवढ्यात हे म्हणाले, "हो हो, राजीखुशीनं." साहेबांनी ते चालवून घेतलं. मी सही केली. नावाखाली नाव, पानापानावर. त्या जमिनीवर माझं नाव आहे ह्याची मला दोनदाच कुणी आठवण करून दिली, घेताना आणि विकताना.

आलेल्यात कोथरूडला छोटा फ्लॅट झाला. वाईट काही झालं नाही, म्हणाल तर चांगलंच झालं. मुलगा इंजिनियर झाला, हिंजवडीलाच लागला, रोज बसनं त्याच रस्त्यानं जायचा. बाणेरच्या पुढच्या त्या माळावर इमारती उभ्या राहिल्या, एकेक बावीस मजल्यांची. मी पुन्हा तिकडं गेले नाही. सकाळी टेकडीवर जाते. तिथं मोर आहेत, मुंगूस आहे, कुणी कुणी मोठाले कॅमेरे घेऊन येतात. ह्यांनी दुर्बिणीला नंतर हात लावला नाही. मी हाक मारली तर म्हणायचे, "बघ तू, मला कुठं काय कळतं त्यातलं."

पण गोष्ट मात्र सोडली नाही. जागांचे भाव जसजसे वाढत गेले तसतशी ह्यांची गोष्ट रंगत गेली. पाहुणे आले, चहा झाला, की सुरू. "आमचा बाणेरच्या पुढं प्लॉट होता. तो एका लाव्यानं खाल्ला." आधी राग होता, मग त्याचा विनोद झाला, आणि विनोदावर कोण काय बोलणार? मी हसायची. सगळे माझ्याकडे बघायचे म्हणून हसायची. पुढं सून आली, तिला तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "आई, सो क्यूट." मी पोहे वाढले.

मुलाला कंपनीकडून काही चांगलं मिळालं त्या वर्षी तो आम्हाला विदर्भात, चंद्रपूरकडच्या जंगलात घेऊन गेला. आईला आवड आहे म्हणून. उघडी जीप, पुढं गाईड, आम्ही चौघं, आणि पुण्याचंच एक तरुण जोडपं, दोघंही आयटीतली. ही जंगलं म्हणजे सगळ्यांची नजर वाघावर. वाटेत नीलकंठ दिसला, सर्पगरुड दिसला, मी थांबा म्हटलं की ड्रायव्हर म्हणायचा, मावशी, वाघ दाखवतो ना. एका पाणवठ्यापाशी जीप लावली आणि सगळे वाघाची वाट बघत बसले. वाघ येईना. तरुण जोडपं कंटाळलं, मोबाइलला रेंज नाही. तेव्हा ह्यांनी त्यांची करमणूक करायला गोष्ट काढली.

ती मुलगी मागं वळून म्हणाली, "काकू, सीरियसली? तुम्ही एका बर्डसाठी प्लॉट सोडलात?" आणि तिचा नवरा ह्यांना म्हणाला, "काका, आज काय व्हॅल्युएशन असेल त्याचं?" ह्यांना तेच हवं असायचं. ह्यांनी सुस्कारा टाकला, हात हवेत फिरवला आणि म्हणाले, "बोलूच नका. आमची ही वाघापेक्षा महाग पडली."

सगळे हसले. मुलगाही हसला. मी हसणार होते, सवयीनं. पण हसू आलंच नाही.

मी म्हटलं, "शेजारचा प्लॉट कुणी खाल्ला, तेही सांगा की ह्यांना. त्यांनी तर काडी ठेवली नव्हती गवताची. आणि घेताना चौकशी कुणी केली नव्हती, तेही सांगा."

आवाज मोठा नव्हता माझा. गाईडनं तरी ओठांवर बोट ठेवलं. त्या मुलीनं पटकन पुढं तोंड केलं. मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना." ह्यांनी मफलर सारखा केला आणि पाण्याकडे बघत बसले. वाघ आला नाही त्या दिवशी.

संध्याकाळी उतरलो होतो तिथं व्हरांड्यात दोघं चहा घेत बसलो. मुलगा-सून आत. हे म्हणाले, "चारचौघांत बोललीस."

मी म्हटलं, "तुम्हीही चारचौघांतच सांगत आलात."

"अगं, गंमत होती ती. तुला एवढं लागतं हे मला काय माहीत? लागलं होतं तर तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोलले होते. रजिस्ट्रारच्या कचेरीत, जिन्यात. सही करायच्या आधी."

ह्यांनी कप खाली ठेवला. आठवायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला, मी चेहऱ्याकडे बघत होते. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे बारीक केले. मग मान हलवली. "नाही आठवत मला. जिन्यात? नाही बाई."

खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं. खोट्याशी भांडता येतं. हे खरंच विसरले होते. मी इतकी वर्षं जे उराशी धरून बसले, ज्याच्यासाठी प्रत्येक पाहुण्यापुढं हसले, ते ह्यांच्या कानावरून तेव्हाच निघून गेलं होतं. त्यांच्या दृष्टीनं त्या जिन्यात काही घडलंच नव्हतं. नंबर आला होता, आम्ही वर गेलो होतो, एवढंच. मी विचारलं, "मग आता म्हणता का?" हे म्हणाले, "काय?" मी म्हटलं, काही नाही. चहा निवला होता, त्यांनी तो तसाच संपवला.

त्यानंतर ह्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. मला वाटलं होतं, ती थांबली की मला हलकं वाटेल. पण ती गेली आणि तिच्याबरोबर सगळंच बोलण्यातून गेलं. प्लॉट हा शब्दच घरात निघेना. त्या माळावर आम्ही दोघांनी मिळून जे जे पाहिलं ते आता कुणाशी बोलायचं? ते पाहणारं दुसरं माणूस एकच होतं, आणि त्याला त्या जागेचं नाव काढलं तरी अपराधी वाटतं की अपमान वाटतो, कळत नाही. गोष्टीत मी वेडी होते, पण निदान त्या गोष्टीत ती जागा तरी होती.

परवा सुनेचे आईवडील आले होते. बोलता बोलता व्याही म्हणाले, तुमचाही म्हणे तिकडं बाणेरच्या बाजूला प्लॉट होता? मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही.

"होता एक," म्हणाले. "विकला." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी विहीणबाईंना विचारलं, चहा अजून अर्धा कप घेणार का.